शनी सापडत नाही, ध्रुव दिसत नाही: मानकापूरच्या गच्चीवरची दुर्बीण

नागपुरातल्या मानकापूरहून एका गृहस्थांनी विचारलंय. दिवाळीत आठवीतल्या मुलीसाठी दुर्बीण घेतली. ११४ मिलिमीटरचा आरसा, ९०० मिलिमीटर नाभीय अंतर, खाली वजनाचा दांडा लोंबणारा इक्वेटोरियल माउंट, म्हणजे नळीला तिरक्या अक्षावर फिरवणारी बैठक. तीन आठवडे झाले. चंद्र एकदा दिसला, तोही योगायोगानं. बाकी वेळा एक तर नुसता काळोख, नाही तर मेदूवड्यासारखं मधे भोक पडलेलं पांढुरकं कडं. फाइंडरमध्ये, म्हणजे नळीच्या पाठीवरच्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत, तारा मधोमध आणला तरी मोठ्या नळीत तो नसतोच. सप्तर्षी शोधले, सापडले नाहीत, म्हणून ध्रुवही सापडला नाही, आणि ध्रुव नाही म्हणून शनीही नाही, असा त्यांचा समज. शेवटी कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या म्हणजे उत्तर असं धरून माउंट लावला. आता मेहुणे म्हणतात, ही परत करा आणि कॉम्प्युटरवाली घ्या. दुर्बीण सदोष आहे का, असा प्रश्न आहे.

सदोष नसावी. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही आरशाकडे बोट दाखवत नाही. तुम्ही दोन वेगळी कामं एकत्र बांधून टाकलीत, घोळ तिथे आहे. ध्रुवाकडे माउंट लावणं हे तारा सापडण्यासाठी नसतं. सापडलेला तारा नजरेत धरून ठेवण्यासाठी असतं. सापडणं फाइंडरच्या हातात. तेव्हा ध्रुव मिळाला नाही म्हणून शनी मिळत नाही, ही समजूत आधी सोडा. ध्रुव आठवडाभर बाजूला ठेवा, काही बिघडत नाही. आणि फाइंडरचं काम रात्री करू नका. अंधारात, डोक्याला टॉर्च लावून, हलणाऱ्या ताऱ्यावर फाइंडरचे स्क्रू पिळत बसणं म्हणजे चालत्या बैलगाडीत सुईत दोरा ओवणं. हे दुपारी चार वाजता चहा घेत करायचं काम आहे.

माझ्या पहिल्या दुर्बिणीला मी याच चुकीपायी अडीच महिने शिव्या घातल्या. फाइंडर मी दिवसाच जुळवला होता, पण समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर, जेमतेम पन्नास मीटरवर. दुपारी टाकीचा नळ दोन्हींत अगदी मधोमध यायचा आणि रात्री ग्रह गायब. कारण साधं आहे. फाइंडर मोठ्या नळीच्या बाजूला असतो, दोघांच्या डोळ्यांत पंधरा सेंटिमीटरचं अंतर धरा. पन्नास मीटरवरच्या एका बिंदूकडे दोघं बघतात तेव्हा त्यांच्या नजरा तिथे एकमेकींना छेदतात, समांतर राहत नाहीत. तो फरक अंशाच्या सहाव्या भागाएवढा होतो, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. चंद्र मोठा, तो तरी निसटून दिसतो. जास्त पटीच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, शनी मात्र चौकटीबाहेरच जातो.

तुम्हाला तर देवानं आयतं लक्ष्य दिलंय. मानकापूरहून कोराडीच्या चिमण्या सात-आठ किलोमीटरवर आहेत. त्या अंतरावर पंधरा सेंटिमीटरचा फरक शून्यच समजा. सूर्य पाठीशी किंवा बाजूला असेल अशी वेळ निवडा. २५ मिलिमीटरचा आयपीस लावा, बाकी सगळे डब्यात. मोठ्या नळीतूनच, फाइंडरकडे न बघता, नळीच्या पाठीवरून नेम धरत चिमणी शोधा. प्रतिमा उलटी दिसेल. आरशाच्या दुर्बिणीत ती उलटीच दिसते, आकाशात कुणाला डोकं-पाय नसल्यामुळे फरक पडत नाही. चिमणीचं टोक मधोमध आणून दोन्ही अक्षांचे खटके आवळा. आता नळीला हात न लावता फाइंडरचे स्क्रू असे फिरवा की फुली त्याच टोकावर येईल. एक स्क्रू आवळण्याआधी समोरचा सैल करायचा, नाही तर प्लास्टिकची कडी तडकते. मग आयपीस बदलून १० मिलिमीटरचा लावा, टोक पुन्हा मधोमध आणा, फाइंडर पुन्हा बारीक जुळवा. अंधार पडल्यावर त्याच चिमणीच्या टोकावरचा तांबडा दिवा घ्या आणि शेवटचा केसभर फरक काढा. दिवा जागचा हलत नाही, हा त्याचा ताऱ्यापेक्षा मोठा गुण.

चिमणीवर असतानाच आणखी एक काम उरका, त्यात तुमच्या मेदूवड्याचं उत्तर आहे. ते कडं म्हणजे फोकस न झालेला तारा, दुसरं काही नाही. मधलं भोक ही नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या आरशाची सावली. चिमणीची कड धारदार दिसेपर्यंत फोकसर, म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवणारा भाग, फिरवा आणि फोकसरच्या सरकत्या नळीवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारा. ९०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत सात किलोमीटरवरची वस्तू आणि तारा यांच्या फोकसमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच फरक असतो. शंभर मीटरवरच्या टाकीवर खूण केली असती तर तो आठ मिलिमीटर झाला असता, आणि रात्री पुन्हा वडा. रेघ आयपीसनुसार थोडी बदलते, म्हणून दोन्ही आयपीसच्या दोन रेघा करा. रात्री फोकसर रेघेवर ठेवूनच सुरुवात करायची. फोकस बराच चुकलेला असेल तर मंद तारा पसरून इतका फिका होतो की समोर असूनही दिसत नाही. तुमचा निम्मा ‘नुसता काळोख’ हाच असणार.

उरलेला निम्मा काळोख वाढीव पटींचा. तुमच्या डब्यात ४ मिलिमीटरचा आयपीस आणि तीन पटीचा बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग आहे, आणि डब्यावर ६७५ पट असं मोठ्या अक्षरात छापलंय, असं तुम्ही लिहिता. गणित बरोबर आहे: ९०० भागिले ४, गुणिले ३. दिसणार मात्र काही नाही. आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दोन पट, हा जुना अंदाज. म्हणजे ११४ ला फार तर २२५ ते २३०, आणि तेही हवा अगदी स्थिर असेल त्या रात्री. आपल्याकडे बहुतेक रात्री शंभर-सव्वाशेच्या पुढे प्रतिमा उकळत्या पाण्यातल्या नाण्यासारखी थरथरते. २५ चा आयपीस ३६ पट देतो आणि जवळजवळ दीड अंश आकाश दाखवतो, म्हणजे तीन चंद्र शेजारीशेजारी मावतील एवढं. १० चा ९० पट देतो आणि जेमतेम चंद्राएवढं आकाश दाखवतो. शोधायचं नेहमी २५ नं, मधोमध आणायचं, मगच १० लावायचा. बार्लो मुलीच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि तुमच्याही.

हे लिहिताना एक भीती नेहमी असते, ती सांगून टाकतो. दिवसा दुर्बीण बाहेर काढलीत की सूर्याच्या आसपासही नळी न्यायची नाही, आणि मूल एकटं सोडायचं नाही. काम संपलं की दोन्ही टोपणं, मोठ्या नळीचं आणि फाइंडरचंही. फाइंडरचं लोक विसरतात. काही संचांत आयपीसला लावायचा ‘सन’ लिहिलेला काळा फिल्टर येतो. तो डोळ्याजवळ, एकवटलेल्या उष्णतेत बसतो आणि तडकू शकतो. सापडला तर फोडून कचऱ्यात टाका. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारा आणि त्याच कामासाठी बनवलेलाच हवा.

आता माउंट. हा वर-खाली, डावी-उजवीकडे जात नाही, तिरकाच कुठेतरी जातो, ही तुमची चिडचिड समजते. ज्यांनी खळ्यातली मळणी पाहिली आहे त्यांना हा माउंट पटकन कळतो. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, बैल त्याच्याभोवती फिरतायत. आकाशही असंच एका तिवड्याभोवती फिरताना दिसतं, फक्त तो तिवडा उभा नाही, तिरका आहे. पृथ्वीच्या ध्रुवावर उभे असतो तर तो सरळ डोक्यावर गेला असता. नागपूरचा अक्षांश २१ अंश, म्हणून इथे तो उत्तर क्षितिजापासून फक्त २१ अंश वर उचललेला, जवळजवळ आडवा. माउंटचा मुख्य अक्ष या तिवड्याला समांतर केला की तारा आयपीसमध्ये धरायला एकच लांब दांड्याची मूठ हळूहळू फिरवावी लागते. न फिरवल्यास ९० पटीला तारा दोन मिनिटांत चौकटीबाहेर पडतो.

तेव्हा अक्षांशाची पट्टी २१ वर. स्वस्त माउंटची पट्टी दोन-तीन अंश इकडेतिकडे असतेच. फोनमधलं लेव्हल अॅप अक्षाच्या पाठीला टेकवून खात्री करा. हे माउंट आपल्यापेक्षा खूप उत्तरेकडच्या गावांच्या हिशोबानं बनलेले असतात, म्हणून आपल्याकडे दोन अडचणी येतात. एक, बोल्ट २१ पर्यंत उतरतच नाही. मग ट्रायपॉडचा दक्षिणेकडचा पाय थोडा लांब करायचा, म्हणजे सगळंच उत्तरेकडे कलतं. हे वजन सांभाळून करा. दोन, अक्ष इतका आडवा असल्यामुळे वजनाचा दांडा उत्तरेकडच्या पायावर आदळतो. पुस्तिकेत एक पाय उत्तरेला ठेवा असं चित्र असेल. तुमच्या छोट्या माउंटचं डोकं ट्रायपॉडवर मोकळं फिरतं, त्यामुळे ते ऐकायची गरज नाही. दोन पाय उत्तरेकडे, एक दक्षिणेकडे ठेवा. दांड्याला दोन पायांमध्ये लोंबायला जागा मिळते आणि भारही पुढे जाऊन उलटत नाही.

माउंट लावण्याआधी तोल बघायला विसरू नका. मुख्य अक्षाचा खटका सैल करून दांडा आडवा करा आणि हात सोडा. नळीची बाजू पडत असेल तर वजन बाहेर सरकवा, वजनाची बाजू पडत असेल तर आत. मग नळी तिच्या कड्यांत पुढेमागे. हे जमलं नाही तर मूठ एका बाजूला जड आणि दुसरीकडे ढिली लागते आणि आपण गिअरला दोष देतो.

उत्तर कुठे? कोराडी म्हणजे उत्तर हे आपलं बोलण्यातलं. मानकापूरहून नकाशावर रेघ ओढून बघा, वीज केंद्र उत्तरेपेक्षा चांगलं पंधरा-वीस अंश पूर्वेला येतं. म्हणजे तुमचा माउंट तेवढा तिरका होता. होकायंत्र आपल्या भागात बरं चालतं, कारण इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही. पण स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा आणि ट्रायपॉडचे पाय त्याला वाटेल तसं फिरवतात. फोनचं होकायंत्र तर विचारूच नका.

मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो गवंड्याचा ओळंबा. गच्चीवर कुठेही बांधून लोंबकळत सोडा. मध्यान्हाला त्याच्या दोरीची सावली नेमकी उत्तर-दक्षिण पडते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, नागपूर ७९.१ वर. ३.४ अंशांना प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे आपण जवळपास १४ मिनिटं मागे. त्यात सूर्याची वर्षभराची मागेपुढे चाल मिळवली की आपलं मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वाजून ५७ मिनिटांनी आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून २८ मिनिटांनी येतं. पाठ करायची गरज नाही: नागपूरचा त्या दिवशीचा सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या, बरोबर मधली वेळ काढा. ती वेळ झाली की सावलीवर खडूनं रेघ. हिवाळ्यात सावली लांब असल्यामुळे रेघ छान मिळते. डिसेंबरअखेर ती जवळजवळ ओळंब्याच्या उंचीएवढी पडते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हा उद्योग करू नका. उन्हाचं तर आहेच, पण २६ मेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य नागपूरच्या डोक्यावर येतो आणि सावलीच राहत नाही. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो आपल्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. रेघ तरीही उत्तर-दक्षिणच, टोकं मात्र लोक उलटी धरतात.

त्या रेघेवर माउंटचा अक्ष ठेवा, पाय जिथे टेकतात तिथे ऑइलपेंटचे तीन ठिपके द्या. पुढच्या वेळी तीन पाय तीन ठिपक्यांवर, पाच मिनिटांत काम झालं. डोळ्यांनी बघायला एवढी अचूकता पुरून उरते. ध्रुव प्रत्यक्ष दिसला तर उत्तमच, पण तोसुद्धा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, म्हणून त्याला मिलिमीटरमध्ये जुळवण्याचा अट्टहास फोटो काढणाऱ्यांसाठी ठेवा.

तो तुम्हाला न दिसण्याचं कारणही ऐका. नोव्हेंबरच्या संध्याकाळी नागपूरहून सप्तर्षी दिसतच नाहीत, ते क्षितिजाखाली असतात. सप्तर्षींतल्या क्रतू आणि पुलह या ताऱ्यांना जोडून ध्रुव काढायचा तो उन्हाळ्याच्या संध्याकाळी. आता शर्मिष्ठा बघा, उत्तरेला उंचावर आडवा पडलेला इंग्रजी ‘एम’. तिच्या खाली, हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर क्षितिजापासून दोन मुठी वर, एकटाच मध्यम तेजाचा तारा, तो ध्रुव. शाळेपासून ऐकल्यामुळे लोक त्याला सगळ्यांत तेजस्वी समजतात आणि तो समोर असताना ‘हा नसेल’ म्हणून पुढे जातात. शिवाय तुमच्या उत्तरेला, इतक्या कमी उंचीवर, शहराची धूळ आणि धुरकं. पाऊस पडून गेलेल्या दुसऱ्या दिवशी किंवा पहाटे बघा.

आरसे जुळवण्याबद्दल, म्हणजे कोलिमेशनबद्दल, तुम्ही घाबरून विचारलंय. तूर्त हात लावू नका. तुमची दुर्बीण एफ ८ ची आहे, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट, अशा लांब दुर्बिणी थोडी चूक पोटात घालतात. फाइंडर आणि फोकस झाल्यावर ध्रुवावरच तपासा, कारण तो जवळजवळ हलत नाही. १० चा आयपीस, तारा अगदी मधोमध, फोकस किंचित बिघडवा. कड्यातलं काळं भोक मध्यावर असेल तर विषय संपला. एका बाजूला सरकलेलं असेल तर मोठ्या आरशाच्या मागचे तीन बारीक खटक्याचे स्क्रू सैल करा, तीन मोठ्यांपैकी एकच पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, बघा. एकानं बघायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. मुलीला स्क्रूवर बसवा, तिचे हात बारीक. सगळे स्क्रू जोरानं आवळायचे नाहीत. मी एकदा आवळले होते आणि सगळे तारे त्रिकोणी दिसायला लागले. आरसा चिमटला गेला होता. आरशावर धूळ दिसली तर फुंकणीनं हवा मारा, रुमाल लावू नका. धूळ दिसते तेवढी नडत नाही, ओरखडे कायमचे राहतात.

नळी बाहेर काढल्यापासून अर्धा-पाऊण तास थांबा. घरातली ऊब नळीत अडकलेली असते आणि तोवर प्रतिमा थरथरते. नागपूरचा स्लॅब हा दुसरा शत्रू. दिवसभराचं ऊन तो मध्यरात्रीपर्यंत परत देत राहतो. उन्हाळ्यात आपण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतोच, ते त्या दिवशी जरा लवकर आणि दुर्बिणीच्या जागेभोवती सढळ हातानं मारा. शेजारच्या छतावरून निघणाऱ्या एसीच्या गरम वाफेवरून नेम धरू नका, आणि कूलरच्या स्टँडजवळ ट्रायपॉड नको, त्याचा थरथराट स्लॅबमधून चढतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा. मधल्या ट्रेला पाण्याच्या दोन बाटल्या बांधल्या की डगमग निम्मी होते.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटरवालीलाही फाइंडर जुळवावाच लागतो, आणि तिला आधी दोन तारे दाखवून ओळख करून द्यावी लागते. तिच्या यादीत ‘कपेला’ असतं, आपल्याला ब्रह्महृदय माहीत असतं. तारखेत महिना आधी घालायचा असतो, टाइम झोन अधिक साडेपाच, आणि ‘डेलाइट सेव्हिंग’ बंद. यातलं एक चुकलं की ती आत्मविश्वासानं जमिनीकडे बघते. वाईट नसते, पण तुमचा आजचा प्रश्न ती सोडवणार नाही. मी परत करणार नाही.

पहिल्या संध्याकाळी चंद्र घ्या, अष्टमीच्या आसपासचा; पौर्णिमेला तो सपाट आणि डोळे दिपवणारा. मग कृत्तिका ३६ पटीत. त्यानंतर शनी. त्याची कडी बारीक वाटली तर दुर्बिणीला दोष देऊ नका: मार्च २०२५ मध्ये ती पृथ्वीवरून अगदी काठावर आली होती आणि तिथून वर्षावर्षानं रुंदावत जाणार आहेत. नुसत्या डोळ्यांनी आधी बघायचं असेल तर रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात मुलीला एकदा नेऊन आणा, नक्षत्रांचे आकार डोक्यात बसतात.

चिमणीवर फाइंडर लावून झाला की मला दोनच गोष्टी कळवा: पेन्सिलीची रेघ फोकसरच्या कुठल्या टोकाजवळ आली, आणि ध्रुवाच्या कड्यातलं भोक मध्यावर आहे की बाजूला. कड्याचा फोटो जमणार नाही, मुलीला कागदावर काढायला सांगा.